गाडीतला फ्रीज: आधी भूक मोजा, सोलर सगळ्यात शेवटी

माझ्या आईचं माहेर गुहागर. साताऱ्याहून उंब्रज, मल्हारपेठ, पाटण, कोयनानगर करत कुंभार्ली घाट उतरला की चिपळूण, आणि तिथून पुढे तासाभरात समुद्र. इतकं जवळ असूनही इन्सुलिन सुरू झाल्यापासून आई मे महिन्यात तिकडे जायचं टाळायला लागली. वापरातलं पेन साध्या गारव्यात महिनाभर टिकतं, पण आठ-दहा दिवस राहायचं तर शिल्लक पेनं बरोबर हवीत आणि ती २ ते ८ अंशांतच ठेवावी लागतात. थर्मासमधला बर्फ पाटणच्या पुढे टिकत नसे. "तुम्ही जाऊन या, माझ्यामुळे खोळंबा नको," असं ती म्हणायची, आणि ते ऐकवत नसे.

तेवढ्यासाठी मी गाडीत फ्रीज बसवला. आता तीन उन्हाळे तो बिनतक्रार चालतोय, आई दर मे महिन्यात माहेरी जाते, आणि येताना त्याच फ्रीजमधून सुरमईही येते. ते पाहून ओळखीतले बरेच जण विचारतात. सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच असतो: "किती वॅटचं सोलर घेऊ?" या कामातला तो शेवटचा प्रश्न आहे. आधी फ्रीज, मग त्याची रोजची भूक, मग बॅटरी, मग वायर, मग चालत्या गाडीतून चार्जिंग. एवढं झाल्यावर सोलर लागतंय का ते पाहायचं. खूप जणांना ते लागतच नाही. हा क्रम उलटा केला की पैसे दुप्पट जातात आणि दूध तरीही नासतं.

फ्रीज कोणता

बाजारात गाडीसाठी दोन जातीचे गार डबे मिळतात आणि बाहेरून ते सारखेच दिसतात. स्वस्त डब्यात कंप्रेसर नसतो. त्यात एक चकती असते. वीज सोडली की तिची एक बाजू गार आणि दुसरी गरम होते. असा डबा बाहेरच्या हवेपेक्षा साधारण १५ ते २० अंशच खाली जातो. महाबळेश्वरात बाहेर २२ अंश असतील तर तो छान वाटतो. म्हसवड, आटपाडी, जत या पट्ट्यात मे महिन्यात पारा ४० ला टेकतो, तिथे त्याच डब्यात आत २० ते २५ अंश राहतात. शिवाय तो थांबत नाही. चार-पाच अँपिअर अखंड खात राहतो, कारण हवं ते तापमान त्याला कधी गाठताच येत नाही.

मी पहिल्यांदा तोच घेतला होता. आटपाडीला एका लग्नाला जाताना त्यात ठेवलेलं श्रीखंड दुपारी उघडलं तर कोमट झालेलं. नशीब, त्या दिवशी त्यात औषध नव्हतं.

म्हणून कंप्रेसरवाला, थेट १२ व्होल्टवर चालणाराच घ्या. तो बाहेर कितीही तापलं तरी आत ४ अंश ठेवतो, आणि ४ अंश झाले की थांबतो. चालू असताना ४५ ते ६० वॅट घेतो, बंद असताना जवळजवळ काही नाही. आकार मात्र मोठा घेण्याचा मोह आवरा. चौघांच्या कुटुंबाला ३० ते ४० लिटर पुरतात. घेताना डिकीत बाहेरून माप घेऊन जा आणि जाळीच्या बाजूला चार बोटं मोकळी जागा राहील का ते पाहा. ती जाळी सामानाने बुजली की कंप्रेसरची उष्णता बाहेर पडत नाही आणि विजेचा खर्च चढत जातो. फ्रीज बिघडला म्हणून ज्यांनी मला बोलावलं, त्यांतल्या निम्म्यांच्या जाळीवर गादी किंवा बॅग रेललेली होती.

आणखी एक. बरेच जण गाडीत इन्व्हर्टर लावून २३० व्होल्ट करतात आणि त्यावर फ्रीजचा घरगुती अडॅप्टर जोडतात. म्हणजे १२ चे २३० आणि २३० चे पुन्हा १२. या फेऱ्यात बरीच वीज वाटेतच उष्णता होऊन जाते, आणि फ्रीज थांबला तरी इन्व्हर्टर खातच राहतो. प्रवासात फ्रीज थेट १२ व्होल्टवरच चालवा.

भूक मोजणे

फ्रीजवर लिहिलेले वॅट म्हणजे त्याची रोजची भूक नव्हे. दिवसाच्या चोवीस तासांत कंप्रेसर किती वेळ फिरतो यावर सगळं ठरतं, आणि ते ठरतं आतल्या-बाहेरच्या तापमानातल्या फरकावर. आत ५ अंश, बाहेर २५ असतील तर फरक २० चा. बाहेर ४० झाले की फरक ३५ चा, म्हणजे भिंतीतून आत झिरपणारी उष्णता पावणेदोन पट. त्यात कंप्रेसरलाही गरम हवेत उष्णता बाहेर टाकणं जड जातं. म्हणून हिवाळ्यात जो फ्रीज तासातली बारा मिनिटं फिरतो तोच मे महिन्यात पंचवीस-तीस मिनिटं फिरतो.

माझ्या ३५ लिटरच्या ४५ वॅटच्या फ्रीजचा हिशेब असा आहे. जानेवारीत घरी तो वेळेच्या साधारण २० टक्के फिरतो: ४५ × ०.२० × २४ = सुमारे २१५ वॅट-तास दिवसाला. मे महिन्यात गाडीत ४५ टक्के: ४५ × ०.४५ × २४ = सुमारे ४८५ वॅट-तास. मी ५०० धरतो. तुमच्या फ्रीजचा आकडा तुम्हीच काढा. वायरच्या मध्ये जोडायचं छोटं डीसी वॉटमीटर ऑनलाइन मिळतं, ते लावून उन्हाळ्यातले पूर्ण चोवीस तास मोजा. पुढची सगळी खरेदी या एका आकड्यावर उभी आहे, म्हणून ही पायरी कुणी गाळू नये असं मला कळकळीने वाटतं.

आकडा हातात आला की तो खाली आणायचा. बॅटरी वाढवण्यापेक्षा हे कितीतरी स्वस्त पडतं.

सर्वांत मोठी बचत आहे ती आदल्या रात्री घरच्या विजेवर फ्रीज आणि त्यातलं सामान दोन्ही गार करण्यात. पाण्याच्या एक-एक लिटरच्या सहा बाटल्या ३५ अंशांवरून ५ वर आणायला सुमारे २१० वॅट-तास उष्णता बाहेर काढावी लागते. त्यासाठी फ्रीज बॅटरीतून दीडशेच्या आसपास वॅट-तास ओढतो. म्हणजे सकाळी घाईत कोमट बाटल्या भरल्या तर दिवसाच्या भुकेचा जवळजवळ तिसरा हिस्सा त्यातच गेला. उलट घरच्या फ्रीझरमध्ये गोठवलेल्या दोन बाटल्या बरोबर टाकल्या तर त्या स्वतःच बॅटरीचं काम करतात. एक किलो बर्फ वितळताना सुमारे ९३ वॅट-तास उष्णता पोटात घेतो. फक्त त्या बाटल्या औषधाला टेकता कामा नयेत.

गाडी उभी करताना सावली शोधा, काचेला आतून चमकी पडदा लावा. मे महिन्यात उन्हात उभ्या बंद गाडीत तापमान सहज ५० च्या पुढे जातं. फ्रीजला जाड कव्हर घाला, पण जाळी उघडी ठेवून. रिकामा फ्रीज झाकण उघडलं की सगळी गार हवा सोडतो, भरलेला कमी सोडतो, म्हणून रिकामी जागा पाण्याच्या गार बाटल्यांनी भरा. आणि तापमान ४ वर ठेवा. मुलं ते ० वर नेतात. त्याने पाणी फार गार लागतं असं नाही, पण कंप्रेसर जास्त फिरतो आणि पालेभाजी गोठते.

गाडीच्या बॅटरीवर रात्र काढू नका

गुहागरच्या दुसऱ्या खेपेला माझ्याकडे चांगला कंप्रेसर फ्रीज होता, वेगळी बॅटरी नव्हती. किल्ली काढली की गाडीचं सॉकेट बंद होतं, म्हणून मी गाडीच्या बॅटरीवरून थेट वायर ओढली होती. संध्याकाळी आठला पोचलो, फ्रीज चालूच ठेवला. सकाळी सातला किल्ली फिरवली तर नुसता टकटक आवाज. शेजारच्या घरातल्या एका भल्या माणसाने जंपर केबल लावून गाडी चालू करून दिली, नाहीतर आईचा देवदर्शनाचा दिवस मेकॅनिक शोधण्यात गेला असता.

गणित सरळ होतं. मे महिन्यात फ्रीज सरासरी पावणेदोन अँपिअर खातो. अकरा तासांत १९ एएच (अँपिअर-तास, म्हणजे अँपिअर गुणिले तास) गेले. गाडीची बॅटरी ४० एएचची, तीन वर्षं जुनी, म्हणजे ताकद आधीच उतरलेली. शिवाय सेल्फ मारायची बॅटरी एकदम मोठा करंट क्षणभर देण्यासाठी बनवलेली असते. हळूहळू पूर्ण उपसणं तिला सोसत नाही. असं पाच-दहा वेळा झालं की ती कायमची जाते. फ्रीजवर एच, एम, एल (हाय, मीडियम, लो) अशी बॅटरी-संरक्षणाची सोय असते. गाडीच्या बॅटरीवर चालवत असाल तर ती एच वर ठेवा, म्हणजे व्होल्टेज जरा उतरलं की फ्रीज आपोआप बंद होईल. गाडी सुरू होईल, पण फ्रीज पहाटे कधीतरी बंद पडलेला असेल. औषधासाठी हे चालत नाही. वेगळी बॅटरी हवीच.

ती कोणती? घरच्या इन्व्हर्टरची ट्युब्युलर बॅटरी गाडीत घालू नका. ५० किलोच्या वर वजन, आत सांडणारं ॲसिड, आणि ती अर्धीच वापरायची असते. आजच्या घडीला लिथियम आयर्न फॉस्फेट, म्हणजे ज्याला दुकानदार एलएफपी म्हणतात, तीच घ्यावी असं माझं मत आहे. १२.८ व्होल्ट, ५० एएच म्हणजे ६४० वॅट-तास. त्यातले ८५ टक्के निर्धास्त वापरता येतात, म्हणजे सुमारे ५४५. माझी मे महिन्यातली एक दिवसाची भूक बरोबर भागते. १०० एएच घेतली तर दोन दिवस. ५० एएचची बॅटरी सहा-सात किलोंची, एका हाताने उचलता येते. तीच भूक जुन्या पद्धतीच्या बॅटरीने भागवायची तर ८० ते १०० एएच आणि २५ किलोंच्या आसपास वजन होतं.

घेताना आत बीएमएस आहे का ते विचारा. ती छोटी सर्किट-पट्टी बॅटरीला जास्त भरण्यापासून, जास्त उपसण्यापासून आणि शॉर्टपासून वाचवते. ती नसलेली बॅटरी कितीही स्वस्त मिळाली तरी गाडीत आणू नका. आणि उष्णतेचं लक्षात ठेवा: बहुतेक एलएफपी बॅटऱ्या ४५ अंशांच्या वर चार्ज करू नयेत. म्हणून ती बॉनेटखाली कधीच नाही. मागच्या सीटमागे, खाली, ऊन येणार नाही अशा जागी, आणि पट्ट्याने घट्ट बांधून. खंबाटकी घाटात एखाद्याने अचानक ब्रेक मारला तर सुटी बॅटरी पुढे फेकली जाते, आणि पुढच्या सीटवर आपलीच माणसं बसलेली असतात. महाबळेश्वरात डिसेंबर-जानेवारीत वेण्णा लेकवर दवबिंदू गोठतात. शून्याखाली एलएफपी चार्ज करू नये असाही नियम आहे, पण गाडीच्या आत ठेवलेल्या बॅटरीला आपल्याकडे ती वेळ सहसा येत नाही.

व्होल्टेज पाहून या बॅटरीचा साठा कळत नाही, हे नव्या माणसाला फसवतं. जुनी बॅटरी १२.७ ला भरलेली आणि १२.२ ला अर्धी, असं सरळ वाचता येतं. एलएफपी मात्र बराच वेळ १३.१-१३.२ लाच बसून राहते आणि संपताना एकदम कोसळते. त्यामुळे आत-बाहेर जाणारे अँपिअर मोजणारा शंटवाला मीटर लावा, किंवा ब्लूटूथवर टक्के दाखवणारी बॅटरी घ्या.

वायरिंगच्या वाटेला जायचंच नसेल, वर्षातून दोन-तीनदाच जाणार असाल, तर ५०० वॅट-तासांचं तयार पॉवर स्टेशन, म्हणजे बॅटरी आणि सगळी जोडणी एकाच डब्यात असलेलं, घ्या. घरी चार्ज करा, १२ व्होल्टच्या पिनेत फ्रीज लावा, झालं. त्याची कमतरता एवढीच की गाडीच्या सॉकेटवरून ते फार सावकाश भरतं.

वायर आणि फ्यूज

इथे मी जरा थांबून सांगणार आहे, कारण फ्रीज नीट न चालण्याचं खरं कारण बहुतेक वेळा इथेच सापडतं, आणि आग लागण्याचंही.

डिकीतल्या सॉकेटला कंपनीची वायर बारीक असते. समजा बॅटरीपासून फ्रीज चार मीटर लांब आहे. वीज जाते आणि परत येते, म्हणून वायर आठ मीटर धरायची. १.५ स्क्वेअरच्या (म्हणजे १.५ चौरस मिलिमीटर जाडीच्या) तांब्याच्या वायरीत ५ अँपिअरला जवळजवळ अर्धा व्होल्ट वाटेतच गळतो. कंप्रेसर सुरू होताना क्षणभर जास्त करंट ओढतो, तेव्हा गळती आणखी वाढते. बॅटरी भरलेली असूनही फ्रीजला व्होल्टेज कमी दिसतं आणि तो बंद पडतो. तीच वायर ४ स्क्वेअरची घेतली तर गळती ०.१७ व्होल्टवर येते. म्हणून फ्रीजला ४ स्क्वेअर, बारीक तारांची, लवचिक, शुद्ध तांब्याची वायर. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली वायर स्वस्त मिळते, ती नको. ओळखायला टोक खरवडून पाहा, आतून पांढरी दिसली तर परत करा.

सिगारेट लायटरची पिन घाटातल्या धक्क्यांनी सैल होते, तापते, कधी वितळते. तिच्याऐवजी अँडरसन कनेक्टर लावा. एकदा बसला की हलत नाही.

फ्यूज बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतराच्या आत हवा. फ्यूज फ्रीजला वाचवण्यासाठी नसतो, वायरीला वाचवण्यासाठी असतो. सीटच्या रुळाखाली वायर घासून सोलली गेली आणि गाडीच्या पत्र्याला टेकली, तर बॅटरीतून शेकडो अँपिअर धावतात आणि वायर लालभडक होते. फ्यूज फ्रीजच्या टोकाला लावला असेल तर मधल्या चार मीटरला कुणीच राखणदार नाही. फ्रीजच्या ४ स्क्वेअर वायरीला १५ अँपिअरचा फ्यूज पुरतो. वायर जिथे पत्र्याच्या भोकातून जाते तिथे रबराचं ग्रोमेट, बाकी सगळीकडे वरून कन्ड्युटची नळी. लग, म्हणजे वायरच्या टोकाला बसवायच्या धातूच्या कड्या, नुसते पकडीने दाबू नका. बॅटरीवाल्याकडे लग दाबायचं क्रिंपिंगचं अवजार असतं, त्याच्याकडून दाबून घ्या. ओढून पाहा, सुटता कामा नये.

चालत्या गाडीतून भरणे

नुसती वायर टाकून गाडीची बॅटरी आणि एलएफपी जोडून टाकावी असं कुणी सुचवलं तर ऐकू नका. रिकामी एलएफपी मिळेल तेवढा करंट खेचते आणि अल्टरनेटर, म्हणजे इंजिनवर फिरून गाडीची वीज बनवणारं यंत्र, तापून जळू शकतो. शिवाय हल्लीच्या बीएस-६ गाड्यांमध्ये बरेचसे अल्टरनेटर इंधन वाचवण्यासाठी व्होल्टेज मध्येच खाली आणतात. तेव्हा एलएफपीला लागणारे १४.२ ते १४.६ व्होल्ट मिळतच नाहीत. दोन्हींवर उपाय एकच: मध्ये डीसी-डीसी चार्जर. तो ठरलेलाच करंट घेतो आणि बॅटरीला हवं ते व्होल्टेज स्वतः तयार करून देतो.

लहान गाडीला २० अँपिअरचा पुरे. जोडणी अशी:

१. गाडीची किल्ली काढा, गाडीच्या बॅटरीची मायनस वायर सोडा.
२. गाडीच्या बॅटरीच्या प्लसवर ४० अँपिअरचा फ्यूज, तिथून १० स्क्वेअरची वायर डिकीपर्यंत. चार्जर आत येताना २४-२५ अँपिअर ओढतो, म्हणून इथे ६ स्क्वेअरवर काटकसर करू नका.
३. मायनससाठी गाडीच्या पत्र्यावरचा कंपनीचा अर्थ-बोल्ट वापरा. बॅटरीच्या मायनस टोकावर छोटा काळा सेन्सर बसवलेला असेल तर थेट त्या टोकाला काही जोडू नका. तो सेन्सर बॅटरीचा हिशेब ठेवतो, आपला करंट त्याला चकवून गेला की त्याचा हिशेब चुकतो.
४. चार्जर एलएफपीच्या शेजारी, हवा लागेल असा. दोघांत पुन्हा एक फ्यूज, ३० अँपिअरचा. चार्जरवर एलएफपीचा मोड निवडा.
५. चार्जरची इग्निशनची बारीक वायर किल्ली चालू असतानाच वीज येणाऱ्या फ्यूजवरून घ्या. म्हणजे गाडी बंद झाली की चार्जर बंद, आणि गाडीची बॅटरी सुरक्षित.
६. शेवटी मायनस परत लावा, गाडी चालू करा, मल्टीमीटरने एलएफपीवर व्होल्टेज वाढताना पाहा. अर्ध्या तासाने सगळे सांधे हाताने चाचपा. जो सांधा तापला आहे तो सैल आहे.

हे काम जाणत्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडून करून घेतलं तरी त्याच्या शेजारी उभे राहा. आणि कंपनीची मूळ वायर कुठेही कापू देऊ नका. वॉरंटीचा प्रश्न तिथूनच सुरू होतो.

आता हिशेब पाहा. २० अँपिअर म्हणजे ताशी सुमारे २६० वॅट-तास. दोन तास गाडी चालली की माझी पूर्ण दिवसाची भूक भरून निघाली. साताऱ्याहून गुहागरला पोचेपर्यंत बॅटरी काठोकाठ असते. सांगलीहून पंढरपूरला जाणाऱ्यांचंही तसंच. जे रोज दोन-तीन तास गाडी चालवतात त्यांना सोलरची अजिबात गरज नाही. ते पैसे बॅटरी ५० ऐवजी १०० एएच घेण्यात घाला.

आता सोलर

सोलर लागतं ते एका जागी दोन-तीन दिवस गाडी उभी करणाऱ्याला. बामणोलीला शिवसागर जलाशयाच्या काठी तंबू टाकून राहिलात, किंवा आमच्यासारखे आठ दिवस मामाकडे अंगणात गाडी लावून राहिलात आणि दुपारी वीज गेली, तर त्याचा खरा उपयोग.

वर्षाची सरासरी काढली तर आपल्या भागात दिवसाला पूर्ण ताकदीचं ऊन साधारण पाच तासांचं धरता येतं. १०० वॅटचं पॅनेल प्रत्यक्षात ७० वॅट देईल असं समजा. मे महिन्यात पॅनेलची काच ६५ अंशांपर्यंत तापते आणि २५ च्या वरच्या दर अंशाला साधारण ०.३५ ते ०.४ टक्के ताकद जाते, म्हणजे नुसत्या तापण्यानेच १५ टक्क्यांच्या आसपास गेले. धूळ आणि वायर बाकीचं खातात. तेव्हा ५०० वॅट-तास भरायला ५०० ÷ (५ × ०.७) = १४३ वॅट. घ्यायचं १५० ते २०० वॅट.

टपावर कायमचं बसवावं की घडीचं? मी घडीचं घेतलं आणि त्याचं समाधान आहे. टपावर पॅनेल असेल तर गाडी उन्हात लावावी लागते, गाडी तापते, फ्रीज जास्त खातो. जे मिळवलं त्यातलं बरंच तिथेच गेलं. घडीच्या पॅनेलला पाच मीटर वायर लावली की गाडी आंब्याखाली आणि पॅनेल अंगणात. शिवाय मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे गाडीच्या मूळ रचनेत परस्पर बदल करता येत नाहीत, टपाला भोकं पाडण्याआधी याचाही विचार करा. टपाला चिकटवायची पातळ, वाकणारी पॅनेलं तर मला पटतच नाहीत. खालून हवा लागत नसल्याने ती फार तापतात.

सावलीच्या बाबतीत पॅनेल फार हळवं असतं. आतले सेल एकामागे एक साखळीत जोडलेले असतात. एका फांदीची सावली चार सेलवर पडली तर चार सेलपुरतं नुकसान होत नाही, अर्धं पॅनेल गप्प होतं. म्हणून दर दोन-तीन तासांनी उठून सावली बघा. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास साताऱ्यात सूर्य भर दुपारी थेट डोक्यावर येतो, तेव्हा पॅनेल सपाट टाकलं तरी चालतं. डिसेंबरात तो दुपारीही क्षितिजापासून जेमतेम ४९ अंशांवर असतो. त्या दिवसांत पॅनेल दक्षिणेकडे तोंड करून ४० अंशांच्या आसपास उभं केलं नाही तर दुपारच्या उन्हातला चौथा हिस्सा वाया जातो.

पॅनेल आणि बॅटरीच्या मध्ये बसणारा चार्ज कंट्रोलर एमपीपीटीच घ्या, म्हणजे पॅनेलमधून जास्तीत जास्त वीज काढणारा, एलएफपीची सेटिंग असलेला. जोडताना आधी बॅटरी, मग पॅनेल. काढताना आधी पॅनेल, मग बॅटरी. हा क्रम चुकला तर काही कंट्रोलर तिथल्या तिथे जातात.

पावसाळ्यात सोलरवर विसंबू नका. कासच्या पठारावर ऑगस्टात धुक्यात २०० वॅटचं पॅनेल वीस-तीस वॅटवर येतं. त्या हवेत फ्रीजची भूकही निम्मी असते हे खरं, तरी भिस्त चालत्या गाडीवरच ठेवा.

औषध आणि मासे

इन्सुलिनला गरमीइतकीच गोठण्याची भीती आहे, आणि गोठलेलं इन्सुलिन बाहेरून नेहमीसारखंही दिसू शकतं. एकदा गोठलेलं पेन वितळलं तरी वापरायचं नाही, टाकून द्यायचं. या फ्रीजच्या भिंतीत गार नळ्या असतात, म्हणून भिंतीला टेकलेली वस्तू फ्रीजच्या डिस्प्लेवरच्या आकड्यापेक्षा खूप गार होते. पेनं झाकणाच्या प्लास्टिक डब्यात, रुमालात गुंडाळून, मधोमध ठेवा. त्याच डब्यात वेगळा थर्मामीटर, किमान-कमाल लक्षात ठेवणारा. डिस्प्लेवर विश्वास ठेवू नका. सेन्सर एका कोपऱ्यात असतो. औषध असेल तेव्हा फ्रीज ४ ऐवजी ५ अंशांवर लावा. वापरातलं पेन बहुतेक प्रकारांत २५-३० अंशांखाली सुमारे २८ दिवस चालतं, तरी तुमच्या औषधाच्या आतल्या कागदावर काय लिहिलंय ते वाचून डॉक्टरांना विचारा. रात्री फ्रीज बंद पडला तर घाबरून जाऊ नका: झाकण उघडू नका, भरलेला फ्रीज काही तास गारवा धरतो, सकाळी थर्मामीटरचा कमाल आकडा पाहून ठरवा.

मासे याच फ्रीजमधून येतात, पण वेगळ्या खेपेला. मासळी ० ते २ अंशांत हवी आणि औषधाला ते चालत नाही. येताना आईकडे फक्त वापरातलं पेन उरलेलं असतं, ते ती ओल्या कपड्याच्या पिशवीत हाताशी ठेवते. सुरमई साफ करून, पाणी निथळून, घट्ट डब्यात, वर-खाली बर्फाचा चुरा. फ्रीज फक्त तो बर्फ टिकवतो, त्यामुळे त्याला कष्ट कमी पडतात.

निघण्याआधी एक रात्र घरीच

पहिल्या मोठ्या प्रवासाआधी सगळं गाडीत जोडा आणि एक पूर्ण रात्र गाडी दारातच उभी ठेवा. रात्री नऊला मीटरचा आकडा लिहा, सकाळी सहाला लिहा, आणि आतल्या थर्मामीटरचा किमान-कमाल पाहा. किमान २ च्या खाली गेला असेल तर सेटिंग एक अंश वर घ्या आणि दुसरी रात्र पुन्हा बघा. मी अशा तीन रात्री काढल्या तेव्हा कुठे आईला म्हटलं, बॅग भर.

परत आल्यावर एलएफपी निम्म्या साठ्यावर आणून फ्रीजची वायर काढून ठेवा. महिनोन् महिने काठोकाठ भरून ठेवली तर तिचं आयुष्य कमी होतं. फ्रीज खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने पुसा, एक दिवस वाळू द्या, आणि झाकण बंद करू नका. मी कडेला कपड्यांचा एक चिमटा अडकवून ठेवतो, तेवढ्या फटीतून वारा जातो आणि आत वास धरत नाही.